खरा बॉक्सर मागे उभा असतो

१९५२ सालच्या 'द क्वाएट मॅन' या सिनेमाच्या शेवटी एक मारामारी आहे. मारामारी कसली, वरातच ती. आयर्लंडमधल्या एका खेड्यात दोन धिप्पाड माणसं शेतातून, पाण्यातून, गवताच्या गंज्यांमधून एकमेकांना बुकलत निघतात आणि अख्खं गाव पैजा लावत त्यांच्यामागे धावतं. मध्येच दोघं गुत्त्यात शिरून एकेक ग्लास घेतात, तिथेही बिनसतं, की पुन्हा सुरू. त्यातला एक जॉन वेन. गोष्टीत तो अमेरिकेतून मायदेशी परतलेला बॉक्सर आहे. त्याच्या ठोशाने रिंगमध्ये एक माणूस दगावला आणि तेव्हापासून कुणावर हात उचलायचा नाही, असं त्याने ठरवलंय. दुसरा त्याचा मेहुणा. गावातला दांडगट, पैसेवाला, बहिणीचा हुंडा दाबून बसलेला.

आता यातली गंमत बघा. जॉन वेन कॉलेजात अमेरिकन फुटबॉल खेळला, पण बॉक्सर तो कधीच नव्हता. बॉक्सर होता तो मेहुण्याचं काम करणारा म्हातारा. पासष्टीला टेकलेला, नाक कधीकाळी मोडून पुन्हा बसवल्यासारखं, खांदे दाराच्या चौकटीएवढे. नाव व्हिक्टर मॅकलॅग्लन. हा माणूस तरुणपणी जगज्जेत्या जॅक जॉन्सनसमोर सहा फेऱ्या उभा राहिला होता. आणि सिनेमात 'बॉक्सर' कोण, तर दुसराच. खऱ्या बॉक्सरने काय करायचं? मार खायचा. तोही असा झकास, की समोरचा बॉक्सर वाटला पाहिजे.

ही गोष्ट मला एकदा दिसली आणि मग जिकडेतिकडे दिसायला लागली. १९५४चा 'ऑन द वॉटरफ्रंट' घ्या. मार्लन ब्रँडोने त्यात उमेद संपलेला माजी बॉक्सर केलाय, आणि तो इतका खरा वाटतो की आजही अभिनय शिकवणारे त्याचे दाखले देतात. त्याच सिनेमात गोदीवरच्या दादाच्या अवतीभवती काही गुंड नुसते वावरत असतात. त्यातले तिघे टोनी गॅलेंटो, एब सायमन आणि टॅमी मॉरिएल्लो. तिघेही खरे हेवीवेट, तिघेही जो लुईशी जगज्जेतेपदासाठी लढलेले. गॅलेंटोने तर १९३९ साली लुईला तिसऱ्या फेरीत खाली पाडलं होतं (चौथीत स्वतः आडवा झाला, ती गोष्ट वेगळी). जो लुईला पाडलेला माणूस पडद्यावर गर्दीत उभा, आणि बॉक्सिंगचं दुःख बोलून दाखवतोय ब्रँडो.

किंवा 'रॉकी'. रॉकी झालेला सिल्व्हेस्टर स्टॅलोन बॉक्सर नव्हता, त्याचा प्रतिस्पर्धी अपोलो क्रीड झालेला कार्ल वेदर्स व्यावसायिक फुटबॉल खेळून आलेला. खरा बॉक्सर होता टोनी बर्टन. मिशिगनमधल्या फ्लिंट गावचा, गोल्डन ग्लोव्हज स्पर्धा गाजवलेला. पुढे दरोड्याच्या गुन्ह्यात तुरुंगात गेला आणि नाटकाची गोडी त्याला तिथेच लागली. 'रॉकी'त त्याला काय मिळालं? अपोलोच्या कोपऱ्यात टॉवेल घेऊन उभं राहणाऱ्या प्रशिक्षकाचं काम. मालिकेतल्या सहाही सिनेमांत तो आहे, आणि प्रत्येक वेळी दोरांच्या बाहेर.

हा अन्याय आहे असं आधी वाटायचं. आता तसं वाटत नाही, आणि त्याचं कारण देवळाली कॅम्पात आहे.

नाशिककरांना कॅम्प म्हटलं की वेगळं सांगावं लागत नाही. ब्रिटिशांनी १८६१च्या सुमाराला वसवलेली छावणी, पुढे तोफखान्याचं गाव. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियाच्या, म्हणजे आजच्या इराकच्या आघाडीवर जाणाऱ्या-येणाऱ्या गोऱ्या आणि देशी पलटणींचा हा मोठा थांबा होता, जखमी सैनिकांसाठी इस्पितळं इथेच उभी राहिली. पलटण आली की बॉक्सिंग आलंच. गोऱ्या सैन्यात त्या खेळाला कवायतीइतकाच मान, आणि आपल्या सैन्याने त्यांच्याकडून उचललेल्या ज्या गोष्टी मनापासून जपल्या, त्यात बॉक्सिंग एक. अभिनयाचा विषय निघाला की कॅम्पातली जुनी माणसं दिलीपकुमारांपासून सुरुवात करतात, कारण ते इथल्या बार्न्स शाळेत शिकले. बॉक्सिंगचा विषय मात्र कुणी काढत नाही, तो संध्याकाळी मैदानावर आपोआप दिसतो. निदान आमच्या वेळी दिसायचा.

आम्हाला शिकवायचे ते तोफखान्यातून निवृत्त झालेले हवालदार, साताऱ्याकडचे. आम्ही त्यांना काका म्हणायचो, ते आम्हाला नावाने कधीच हाक मारायचे नाहीत, सगळेच 'पोरा'. आम्हाला घाई असायची पंचिंग बॅगवर हात चालवायची. काका आधी पाय शिकवायचे. मग हनुवटी छातीकडे ओढून घ्यायला. मग ठोसा येताना डोळे उघडे ठेवायला, आणि हे सगळ्यात अवघड, कारण माणसाचे डोळे त्याच्या परवानगीशिवाय मिटतात. "मारायला काय, कुनालाबी येतं," ते म्हणायचे, "खाऊन हुबं ऱ्हायला शीक."

ठोसा झेलण्याचं एक शास्त्र आहे. मागे सरायचं नाही, ठोशाच्या दिशेने अंग जरा वळू द्यायचं, म्हणजे त्याचा जोर सरळ हाडावर न बसता घसरून जातो. पोटात बसणार असेल तर श्वास सोडत स्नायू आवळायचे. मान ढिली राहिली तर डोकं गर्रकन फिरतं, आणि माणूस पडतो तो बहुतेक वेळा त्या फिरण्याने. हे सगळं शिकायला महिनोन्‌महिने लागतात आणि बघणाऱ्याला त्यातलं काहीच दिसत नाही. त्याला दिसतो तो फक्त मारणारा.

सिनेमात नेमकं उलटं होतं. तिथे ठोसा लागतच नाही. कॅमेरा एकाच्या खांद्यामागे ठेवतात, मूठ दुसऱ्याच्या तोंडापासून वीतभर लांबून जाते, आवाज मागाहून भरतात. मग ठोसा बसला असं आपल्याला कशामुळे वाटतं? मार खाणाऱ्याच्या मानेमुळे. त्याने मान कधी आणि किती फिरवली, गुडघा कधी मोडला, तोल कसा गेला, यावर हिरोचा ठोसा खरा ठरतो. म्हणजे पडद्यावरच्या मारामारीत अभिनय करायचा असतो मार खाणाऱ्याने, मारणारा नुसता हात फिरवतो. आणि मार खाल्ल्यावर शरीर नक्की काय करतं हे ज्याच्या हाडांना ठाऊक आहे, त्याच्याइतकं ते कोण करणार?

मॅकलॅग्लनला हे फार लवकर शिकायला मिळालं. जन्म १८८६चा, इंग्लंडमधला. बाप बिशप, आणि घरात भावांची पलटण. त्यातले बरेच पुढे सिनेमात गेले. बिशपच्या घरातल्या या पोराला हौस लढाईची. दक्षिण आफ्रिकेतल्या बोअर युद्धात जायला मिळावं म्हणून चौदाव्या वर्षी वय चोरून तो सैन्यात शिरला. सैन्याने त्याला विंडसरला पहाऱ्यावर ठेवलं, आणि खरं वय कळल्यावर घरी पाठवलं. मग कॅनडा. तिथे विनिपेगमध्ये कुस्ती, मुष्टियुद्ध, पडेल ते काम. उंची सव्वासहा फूट.

२६ डिसेंबर १९०८ रोजी सिडनीमध्ये जॅक जॉन्सनने टॉमी बर्न्सला हरवलं आणि जगाला पहिला कृष्णवर्णीय हेवीवेट विजेता मिळाला. गोऱ्या जगाला ते पचलं नव्हतं. जॉन्सनला खाली खेचणारा गोरा गडी शोधायचा धंदा पुढे कैक वर्षं चालला. विजेतेपद मिळाल्यावर जॉन्सन पहिल्यांदा रिंगमध्ये उतरला तो १० मार्च १९०९ रोजी, व्हँकुव्हरमध्ये, आणि समोर होता बावीस वर्षांचा मॅकलॅग्लन. लढत प्रदर्शनी होती, सहा फेऱ्यांची, निकाल न देण्याची. जॉन्सन बचावाचा बादशहा. समोरच्याचा हात निघायच्या आत तो कुठे येणार हे त्याला कळायचं, आणि तो दंडावर दाबून ठेवायचा किंवा हातातच झेलायचा. मॅकलॅग्लनची सहा फेऱ्यांत डाळ शिजली नाही. जॉन्सनने मनात आणलं असतं तर हा खेळ पहिल्या फेरीतच आटोपला असता, पण लोक पैसे देऊन आले होते, त्यांना सहा फेऱ्या दाखवायच्या होत्या. म्हणून त्याने या तरण्या गड्याला खेळवत ठेवलं.

मला ती लढत म्हणजे मॅकलॅग्लनच्या अभिनयाची पहिली तालीम वाटते. मोठ्या माणसासमोर उभं राहायचं, त्याचं मोठेपण लोकांना दिसेल इतका वेळ उभं राहायचं, आणि तरी स्वतः बाहुलं व्हायचं नाही. आपणही खऱ्यासारखं लढलं पाहिजे, नाहीतर जॉन्सन मोठा दिसणार कसा? पुढे पडद्यावर केरी ग्रँट असो की जॉन वेन, मॅकलॅग्लनने आयुष्यभर हेच काम केलं.

आमचे काका अशीच एक गोष्ट सांगायचे, मुहम्मद अलीची. १९८० साली अली भारतात आला होता तेव्हा दिल्लीत त्याची प्रदर्शनी लढत झाली ती आपल्या लष्करातल्या कौर सिंगशी, चार फेऱ्यांची. कौर सिंग पंजाबचा, शेतकऱ्याचा मुलगा. दोन वर्षांनी दिल्लीच्याच एशियाडमध्ये त्याने हेवीवेटचं सुवर्ण जिंकलं. काका ती गोष्ट अशी सांगायचे की जणू कोपऱ्यात पाण्याची बाटली घेऊन तेच उभे होते. ते तिथे नव्हते, हे आम्हालाही माहीत होतं आणि त्यांनाही. कौर सिंग सिनेमात गेला नाही, गावी जाऊन शेती करत राहिला. पुढे त्याच्यावर पंजाबीत सिनेमा आला, तेव्हा कौर सिंग पडद्यावर साकारला तो अर्थातच एका नटाने.

जॉन्सनची लढत संपली आणि मॅकलॅग्लनचं पोट पुन्हा रिकामं. तो सर्कशीबरोबर फिरायला लागला. गावोगावी तंबू ठोकायचा आणि पुकारा करायचा, या गड्यासमोर तीन फेऱ्या टिकून दाखवा, पंचवीस डॉलर घेऊन जा. आपल्याकडच्या जत्रांतले कुस्तीचे फड ज्यांनी पाहिलेत त्यांना हा मामला समजावून सांगायला नको. आधी रेवड्यांवर पोरांच्या कुस्त्या, मग चढत्या इनामाच्या, आणि शेवटी बाहेरगावचा नामांकित मल्ल आखाड्यात फेरी मारून विचारणार, आहे का कुणी? फरक एवढाच की आपल्या फडात दोन्ही पैलवानांना फेटा आणि नारळ. तंबूतल्या बॉक्सरला नारळ नाही, आणि दारू प्यायलेल्या खाणकामगाराने रागाच्या भरात नाकावर ठोसा दिला तर तेही त्याच पगारात. पण अशा ठिकाणी माणूस एक गोष्ट पक्की शिकतो. समोरच्याला पहिल्याच मिनिटाला झोपवलं तर पुढचा गिऱ्हाईक येत नाही. थोडं टिकू द्यावं लागतं. त्याला वाटलं पाहिजे, अरे, जमतंय की! तिकिटाची किंमत या 'जमतंय की'मध्ये असते.

मग महायुद्ध आलं. या खेपेला वय चोरायची गरज नव्हती. मॅकलॅग्लन अधिकारी म्हणून मेसोपोटेमियात गेला, बगदादमध्ये लष्करी पोलिसांच्या वरिष्ठ कामावर होता, आणि युद्ध संपता संपता ब्रिटिश सैन्याचा हेवीवेट विजेता ठरला. सोळा वर्षांनी दिग्दर्शक जॉन फोर्डने त्याला मेसोपोटेमियाच्याच वाळवंटात अडकलेल्या तुकडीचा सार्जंट केलं ते १९३४च्या 'द लॉस्ट पेट्रोल'मध्ये. वाळू अर्थातच अमेरिकेतली.

सिनेमात तो आला तो बॉक्सर म्हणूनच, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. लंडनच्या एका क्लबमध्ये एका निर्मात्याने त्याला पाहिलं. त्याला मूकपटासाठी मुष्टियोद्धा हवा होता. १९२०चा 'द कॉल ऑफ द रोड' हा त्याचा पहिला सिनेमा. पुढे हॉलिवूड, आणि १९२६चा 'व्हॉट प्राइस ग्लोरी'. त्यात तो आणि एडमंड लो एकमेकांना इतक्या मनापासून शिव्या घालत होते, की मूकपट असूनही ओठ वाचता येणाऱ्या प्रेक्षकांनी तक्रारी केल्या. मला हा माणूस इथे आवडायला लागतो. आवाज पोचणार नाही हे माहीत असूनही शिवी पूर्ण द्यायची.

बाकी कारकिर्दीचा मोठा भाग सार्जंट, दर्यावर्दी, दांडगे मित्र, मोठ्या आवाजाचे आणि मऊ काळजाचे दारुडे यांनी भरलेला आहे. त्यातला एक आपल्या वाट्याचा. १९३९च्या 'गंगा दीन'मध्ये केरी ग्रँट, डग्लस फेअरबँक्स ज्युनियर आणि हा असे तीन गोरे सार्जंट वायव्य सरहद्दीवर ठगांना बडवत हिंडतात. हिंदुस्थान उभा केला होता कॅलिफोर्नियातल्या लोन पाइनच्या डोंगरांत. मुंबई आणि बंगाल प्रांतांत या सिनेमावर बंदी आली, आणि ती योग्यच होती असं मला पाहिल्यावर वाटलं. कालीभक्तांचं ते सोंग आज हसूही आणत नाही. गंमत इतकीच की त्यातले तीन सार्जंट आपसात भांडतात तेव्हा सिनेमा जिवंत होतो, आणि त्यातही हत्तीला औषध पाजणारा मॅकलॅग्लन. साम्राज्याची सगळी भाषणं फिकी पडतात आणि लक्षात राहतो तो हत्ती.

त्याला स्वतःला मात्र पडद्याबाहेरही सार्जंट व्हायची हौस सुटली नाही. तिशीच्या दशकात त्याने कॅलिफोर्नियात गणवेश घालून कवायत करणारी घोडेस्वारांची तुकडी उभी केली. युरोपात काय चाललंय हे जगाला दिसत होतं, त्यामुळे ही फॅसिस्टांची पलटण आहे असा आरोप झाला. त्याने तो नाकारला. गणवेशाचं वेड किती निरागस मानायचं, यावर माझं मत फारसं उदार नाही.

आणि मग 'द इन्फॉर्मर'. १९३५. दिग्दर्शक पुन्हा जॉन फोर्ड. १९२२ सालचं डब्लिन, धुकं, इंग्रजांची गस्त. जिपो नोलन हा क्रांतिकारकांच्या संघटनेतून काढून टाकलेला, उपाशी, बुद्धीने मंद असा माणूस. वीस पौंडांसाठी तो आपल्या जिवलग मित्राचा ठावठिकाणा पोलिसांना सांगतो. मित्र मारला जातो. त्यानंतर एका रात्रीत तो ते पैसे उधळतो, दारू पितो, वाटेल त्याला खाऊपिऊ घालतो, आणि त्याच्याभोवतीचा फास आवळत जातो.

मॅकलॅग्लनने या भूमिकेत जे केलंय त्याला मी अजून नाव देऊ शकलेलो नाही. एवढा मोठा देह, आणि त्याला मारायला समोर कुणीच नाही. जिपोच्या मुठी सबंध सिनेमाभर काहीतरी शोधत असतात. कधी टोपी चुरगाळतात, कधी नोटा, कधी ग्लास. शत्रू आत आहे, तिथे हात पोचत नाही. एका प्रसंगात तो गुत्त्याबाहेर दोघातिघांना सहज लोळवतो, लोक त्याला राजा म्हणून डोक्यावर घेतात, आणि त्याच्या चेहऱ्यावर क्षणभर पोराचा आनंद दिसतो. हे एक काम मला येतं! पुढच्या क्षणी तो आनंद मावळतो, कारण या कामाचा आज उपयोग नाही. तंबूत तीन फेऱ्यांवर पोट भरलेल्या माणसाला हे शिकवायची गरज पडली नसावी.

या भूमिकेमागे एक दंतकथा चिकटली आहे. फोर्डने म्हणे त्याला आदल्या रात्री मुद्दाम पाजलं, उद्या शूटिंग नाही असं सांगितलं, आणि सकाळी उतरत्या नशेत उभं करून चौकशीचा प्रसंग काढून घेतला. फोर्डबद्दल ज्या गोष्टी सांगितल्या जातात त्यात ही शोभते. पण मला ती खटकते. या गोष्टीत बॉक्सर म्हणजे दगड, आणि त्यातून मूर्ती काढणारा दिग्दर्शक तेवढा हुशार. नशा एका प्रसंगापुरती असेल. जिपो मात्र पहिल्या दृश्यापासून शेवटच्यापर्यंत तसाच सलग आहे, आणि तेवढा वेळ कुणी दारूवर अभिनय करत नाही. त्या वर्षी 'म्युटिनी ऑन द बाउंटी'तल्या क्लार्क गेबल, चार्ल्स लॉटन आणि फ्रँशॉ टोन अशा तिघांना नामांकन होतं, आणि तिघांनाही मागे टाकून सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचं ऑस्कर मॅकलॅग्लनला मिळालं. मुख्य भूमिकेचं. त्याच्यानंतर तो पुन्हा सार्जंट.

सिनेमाला शरीर कुठूनही चालतं, हे नाशिकला नवीन नाही. त्र्यंबकेश्वरी जन्मलेले दादासाहेब फाळके 'राजा हरिश्चंद्र' झाल्यावर बिऱ्हाड घेऊन नाशिकला आले. त्यांची तारामती सापडली होती मुंबईत ग्रँट रोडच्या एका खाणावळीत, अण्णा साळुंके नावाच्या आचाऱ्यात. महिना दहा रुपयांवर राबणारा हा पोरगा फाळक्यांनी पंधरा रुपयांवर आणला. १९१७च्या 'लंकादहन'मध्ये राम तोच आणि सीताही तोच. सीतेचे दंड जरा जास्तच पिळदार दिसतात, असं प्रेक्षकांच्या लक्षात आलं होतं म्हणे, पण त्यापायी कुणी हात जोडायचं थांबलं नाही.

आणि आमच्या पिढीला हा धडा दिला तो शेट्टीने. एम. बी. शेट्टी. दक्षिण कानडा मुलखातून मुंबईला आलेला, हॉटेलात काम करता करता बॉक्सिंगमध्ये नाव कमावलेला, मग फाइट मास्टर, मग पडद्यावरचा तो तुळतुळीत डोक्याचा पहाड. आजच्या पोरांना सांगायचं तर रोहित शेट्टीचे वडील. नाशिकच्या विजयानंद किंवा सर्कल टॉकीजमध्ये पडद्यावर ते डोकं चमकलं की स्टॉलमधून एक हुंकार उठायचा, कारण पुढचं सगळ्यांना ठाऊक. आता हा हिरोला आधी दोन-चार देणार, आणि मग खाणार. १९७८च्या 'डॉन'मध्ये, 'त्रिशूल'मध्ये अमिताभने त्याला बडवलं तेव्हा टाळ्या अमिताभला पडल्या. टाळ्या वाजवणाऱ्यांत मीही होतो. पण कितीतरी सिनेमांत मारामारी बसवणाराही तोच असायचा. म्हणजे कुठला ठोसा आपल्याला कसा लागणार हे स्वतःच ठरवायचं, हिरोला शिकवायचं, आणि मग त्याच्याकडून तो खायचा. काकांना शेट्टी फार आवडायचा. बाकी कुठल्याच नटाबद्दल ते बरं बोलले नाहीत. "ह्यो पडतो ते बघा," एवढंच म्हणायचे. शेट्टी १९८२ साली गेला.

पण खरे ठोसे खाल्लेल्याची किंमत नंतर कधीतरी चुकवावी लागते, आणि ती गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. मॅक्सी रोझेनब्लूम हा तिशीच्या दशकातला लाइट हेवीवेट जगज्जेता. ठोसा मारण्याऐवजी उघड्या ग्लोव्हने थपडा लगावायची त्याची पद्धत, म्हणून टोपणनाव पडलं 'स्लॅप्सी'. जवळजवळ तीनशे लढती खेळला. निवृत्त झाल्यावर हॉलिवूडने त्याला हातोहात उचललं आणि एकच काम दिलं, डोक्यावर मार बसून बसून भ्रमिष्ट झालेला माजी बॉक्सर. बोलताना अडखळणारा, घंटा वाजली की मुठी आवळून उभा राहणारा. लोक पोट धरून हसायचे. बॉक्सरांना जडणाऱ्या या दुखण्याबद्दल डॉक्टर मार्टलंड यांनी १९२८ सालीच वैद्यकीय नियतकालिकात लिहिलं होतं, म्हणजे हसणाऱ्यांना माहीत नव्हतं असं म्हणायची सोय नाही. रोझेनब्लूमला पुढे खरोखरच ते दुखणं झालं, आणि १९७६ साली तो गेला. इतकी वर्षं त्याने ज्याचं सोंग वठवलं, ते आतल्या आत खऱ्यानेच चाललं होतं. त्याचे विनोदी प्रसंग मला आता पाहवत नाहीत. आमच्या मैदानावर हेल्मेटशिवाय स्पारिंग करायला काका का देत नसत, आणि एखाद्याला डोक्यावर जोरात बसलं की पुढे कैक दिवस त्याला नुसती दोरी मारायला का लावत, हे तेव्हा आम्हाला जाचक वाटायचं.

मॅकलॅग्लन त्या मानाने सुटला. 'द क्वाएट मॅन'साठी त्याला पुन्हा नामांकन मिळालं, या वेळी सहायक अभिनेत्याचं. ती मारामारी मी परवा पुन्हा पाहिली, आवाज बंद करून. जॉन वेनच्या हातात फारसं काही नाही. लांबून येणारा, गवत कापल्यासारखा तिरका ठोसा, जो खऱ्या रिंगमध्ये चालला नसता. पण म्हातारा दरवेळी नेमक्या क्षणी मान फिरवतो, एक पाऊल उशिरा टाकतो, हात पसरत मागे जातो, आणि पडतानाही त्याची हनुवटी छातीला लागलेली असते. पासष्टाव्या वर्षीसुद्धा. ठोसा खरा ठरतो तो तिथे.

त्या सिनेमाच्या वेळी त्याचा मुलगा अँड्र्यू सेटवर सहायक म्हणून काम करत होता. पुढे तो स्वतः दिग्दर्शक झाला, आणि 'रॉहाइड' या टीव्ही मालिकेच्या एका भागात त्याने वडिलांना घेतलं. भूमिका अशी, की एक म्हातारा, एकेकाळचा मुष्टियोद्धा, ज्याचं डोकं आता ठिकाणावर नाही आणि जो अधूनमधून स्वतःला रिंगमध्येच समजतो. सून त्याला वेड्यांच्या इस्पितळात धाडायला निघालीय. म्हातारपणी मॅकलॅग्लन पडद्यावर पुन्हा बॉक्सर झाला तो असा. रोझेनब्लूमला हसण्यासाठी दिलेलंच हे काम, पण मुलाने ते हसण्यासाठी दिलेलं नाही, आणि बापाने तसं केलेलंही नाही. हा भाग ऑक्टोबर १९५९मध्ये दाखवला गेला, आणि ७ नोव्हेंबरला हृदयविकाराच्या झटक्याने मॅकलॅग्लन गेला. त्या भागात त्या म्हाताऱ्याला सांभाळून घ्यायची जबाबदारी पडलीय ती एका उंच, सडपातळ पोरावर. मालिकेतला दुसऱ्या क्रमांकाचा नायक, वय एकोणतीस, नाव क्लिंट ईस्टवूड.